वैद्यकीय चाचणीचा आराखडा : पहिला रुग्ण दाखल करण्यापूर्वी काय काय ठरवावे

१९३८ साली कोलकात्यात भरलेल्या पहिल्या भारतीय सांख्यिकी परिषदेच्या अध्यक्षीय भाषणात ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर म्हणाले होते की, प्रयोग आटोपल्यावर संख्याशास्त्रज्ञाचा सल्ला घेणे म्हणजे बहुतेक वेळा त्याला शवविच्छेदनाला बोलावणे होय. प्रयोग कशाने दगावला, एवढे तो फार तर सांगू शकेल. या भाषणाला पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली, तरी थिसिस सादर करण्याची मुदत जवळ आली की एक्सेलची फाईल घेऊन संख्याशास्त्र विभागात येणारे आणि ‘फक्त पी-मूल्य काढून द्या’ (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता म्हणजे पी-मूल्य) म्हणणारे पदव्युत्तर विद्यार्थी आजही दिसतातच. चुकलेले विश्लेषण पुन्हा करता येते, चुकलेला आराखडा मात्र दुरुस्त करता येत नाही. म्हणूनच या लेखात विश्लेषणाच्या तंत्रांविषयी थोडे आणि चाचणी सुरू होण्यापूर्वीच्या निर्णयांविषयी पुष्कळ लिहिले आहे.

समजायला सोपे जावे म्हणून एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. सिझेरियननंतर टाक्यांच्या जखमेत जंतुसंसर्ग होण्याचे प्रमाण एका रुग्णालयात शंभरात २० आहे आणि एका नव्या प्रकारच्या ड्रेसिंगने ते कमी होते का, हे तेथील डॉक्टरांना तपासायचे आहे.

पहिली पायरी : प्रश्न एका वाक्यात बसवणे

‘नव्या ड्रेसिंगची उपयुक्तता अभ्यासणे’ हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे थिसिसच्या आधी द्यायच्या संक्षिप्त आराखड्यात, शोभते, पण त्यावर चाचणी उभी राहत नाही. कोणत्या रुग्णांवर, कोणता उपचार, कशाच्या तुलनेत, कोणत्या परिणामासाठी आणि किती दिवसांनी, या पाचही गोष्टी एका वाक्यात आल्या पाहिजेत. आपल्या उदाहरणात ते वाक्य असे होईल : सिझेरियन झालेल्या १८ वर्षांवरील स्त्रियांमध्ये, नेहमीच्या गॉझ ड्रेसिंगऐवजी नवे ड्रेसिंग वापरल्यास शस्त्रक्रियेपासून ३० दिवसांत जखमेत जंतुसंसर्ग होणाऱ्यांचे प्रमाण कमी होते का?

नेमका प्रश्न किती दूर नेऊ शकतो, याचे उत्तम उदाहरण मुंबईतच आहे. तोंडाच्या कर्करोगाच्या सुरुवातीच्या अवस्थेत मानेतील लसिकाग्रंथी मूळ शस्त्रक्रियेच्या वेळीच काढाव्यात, की त्यांत रोग दिसेपर्यंत थांबावे, यावर शल्यचिकित्सकांत अनेक दशके मतभेद होते. टाटा मेमोरियल रुग्णालयाने २००४ ते २०१४ या काळात नेमका हाच प्रश्न यादृच्छिक चाचणीने, म्हणजे कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवून, तपासला आणि मुख्य परिणाम म्हणून रुग्ण जगतो की नाही, ही एकच गोष्ट निवडली. तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण ग्रंथी आधीच काढलेल्या गटात ८० टक्के आणि थांबलेल्या गटात ६७.५ टक्के निघाले, आणि वाद बऱ्याच अंशी मिटला.

मृत्यूच्या नोंदीबाबत दोन डॉक्टरांचे दुमत होत नाही, जखमेच्या संसर्गाबाबत मात्र सहज होते. पू दिसला तरच संसर्ग मानायचा, की जखम लाल होऊन दुखत असेल तरी? कल्चर अहवाल लागेल का? निदान कोण करणार? याची व्याख्या लिखित असावी आणि मुख्य परिणाम एकच असावा. बाकीचे, म्हणजे वेदना, खर्च, रुग्णालयातील मुक्काम वगैरे, दुय्यम यादीत जातील. दहा परिणाम मोजून त्यांतील जो अनुकूल निघेल तो मुख्य म्हणून मांडण्याची वाट इथेच बंद होते.

तिसाव्या दिवसाचाही विचार आत्ताच करावा. आपल्याकडे बाळंतीण बहुधा माहेरी जाते आणि माहेर दुसऱ्या तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात असते. पाठपुराव्यासाठी केवळ सासरचा मोबाईल नंबर घेतला, तर तिसाव्या दिवशी फोन उचलणाऱ्याला जखमेचे काहीच ठाऊक नसेल. दोन्ही घरांचे नंबर, शक्य असेल तिथे आशा कार्यकर्तीचा नंबर आणि फोनवर विचारायचे ठरावीक प्रश्न, एवढे प्रोटोकॉलमध्ये (चाचणीच्या लेखी आराखड्यात) आले पाहिजे. पाठपुरावा सुटलेले रुग्ण हे संख्याशास्त्राने भरून निघणारे नुकसान नव्हे.

दुसरी पायरी : रचना निवडणे

दोन समांतर गट, ही रचना बहुतेक प्रश्नांना पुरते आणि दुसरी निवडायची असेल तर तसे सबळ कारण असावे. प्रत्येक रुग्णाला दोन्ही उपचार आलटून पालटून देणारी रचना दमा किंवा अर्धशिशीसारख्या टिकून राहणाऱ्या आजारांतच चालते, तीही पहिल्या उपचाराचा असर मधल्या काळात पूर्ण ओसरत असेल तर. जखम एकदाच भरते, त्यामुळे आपल्या उदाहरणात तिचा विचारच नको.

दोन स्वतंत्र उपचार एकाच वेळी तपासायचे असतील तर घटकीय रचना फार किफायतशीर ठरते. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत हृदयविकाराचा झटका आलेल्या १७,१८७ रुग्णांची स्ट्रेप्टोकायनेज (रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध), अॅस्पिरिन, दोन्ही किंवा दोन्हींपैकी काहीच नाही अशा चार गटांत वाटणी झाली. पाच आठवड्यांत रक्ताभिसरणाच्या कारणांनी झालेले मृत्यू दोन्ही औषधे मिळालेल्यांत ८ टक्के आणि एकही न मिळालेल्यांत १३.२ टक्के होते. एकाच चाचणीतून दोन औषधांची उत्तरे मिळाली, शिवाय दोन्ही एकत्र दिल्याचा लाभही कळला.

उपचार व्यक्तीला न देता गावाला, वॉर्डाला किंवा आरोग्य केंद्राला द्यावा लागत असेल, तर समूह-यादृच्छिक रचना घ्यावी लागते. तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची चाचणी जगभर उद्धृत होते. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया ज्या गावांत राहत होत्या, त्या गावांचे ५२ समूह करून ते चार गटांत यादृच्छिकपणे वाटले गेले : एचपीव्ही (या कर्करोगाला कारणीभूत विषाणू) चाचणी, पेशी तपासणी, अॅसिटिक आम्ल लावून डोळ्यांनी पाहणी, आणि चौथा तुलना गट. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एका फेरीच्या एचपीव्ही तपासणीने आठ वर्षांच्या पाठपुराव्यात या कर्करोगाचे मृत्यू तुलना गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. तुलना गटातील स्त्रियांना तपासणी दिली नाही, यावरून नंतर या चाचणीवर नैतिक टीकाही झाली. तुलना गटाला काय मिळणार, हा प्रश्न आराखड्याच्याच टप्प्यावर, एथिक्स कमिटीसमोर मोकळेपणाने मांडावा लागतो, तो यासाठीच.

समूह रचनेची किंमत मोठी असते. एका गावातील माणसे एकमेकांसारखी असतात, म्हणून शंभर गावांतील शंभर जणांइतकी माहिती एका गावातील शंभर जण देत नाहीत. नमुनासंख्या किती पटीने वाढवावी लागेल, हे काढायला समूहातील सरासरी संख्येतून १ वजा करावा, त्याला समूहांतर्गत सहसंबंधाने (एका समूहातील माणसे एकमेकांसारखी किती, हे सांगणाऱ्या आकड्याने) गुणावे आणि १ मिळवावा. समूहात ५० जण आणि सहसंबंध ०.०२ असेल तर उत्तर १.९८ येते, म्हणजे रुग्ण जवळपास दुप्पट लागतील. समूहात २,५०० जण असतील, तर ०.००१ एवढा नगण्य वाटणारा सहसंबंधही संख्येला साडेतीन पटींवर नेतो. म्हणूनच समूहातील माणसे वाढवण्यापेक्षा समूहांची संख्या वाढवणे जास्त फायद्याचे असते.

तिसरी पायरी : नमुनासंख्या

इथे सर्वांत जास्त लपवाछपवी चालते, म्हणून थोडे सविस्तर. दोन प्रमाणांची तुलना करायची असेल तर चार आकडे लागतात : तुलना गटातील अपेक्षित प्रमाण, उपचार गटातील अपेक्षित प्रमाण, नसलेला फरक आहे असे म्हणण्याचा स्वीकारलेला धोका (रूढीने ५ टक्के) आणि असलेला फरक सापडण्याची शक्यता, म्हणजेच चाचणीची शक्ती (किमान ८० टक्के).

आपल्या उदाहरणात नवे ड्रेसिंग संसर्ग शंभरात २० वरून १० वर आणेल असे मानू, म्हणजे प्रमाणे ०.२० आणि ०.१० होतील. ५ टक्के धोक्यासाठी १.९६ आणि ८० टक्के शक्तीसाठी ०.८४ हे संख्याशास्त्राच्या तक्त्यांतील आकडे घ्यावेत. त्यांची बेरीज २.८ आणि तिचा वर्ग ७.८४. आता प्रत्येक प्रमाणाला त्याच्या उरलेल्या भागाने गुणून बेरीज करावी : (०.२० × ०.८०) + (०.१० × ०.९०) = ०.२५. फरकाचा वर्ग (०.१०)² = ०.०१. म्हणून प्रत्येक गटात ७.८४ × ०.२५ ÷ ०.०१ = १९६ स्त्रिया. शंभरात १० जणींचा पाठपुरावा सुटेल असे धरले तर १९६ ला ०.९ ने भागावे. उत्तर २१८, दोन्ही गट मिळून ४३६. शक्ती ९० टक्के हवी असेल तर ०.८४ च्या जागी १.२८ येतो आणि गटातील संख्या १९६ वरून २६३ होते.

आता फरक निम्मा करून पाहा. नवे ड्रेसिंग संसर्ग २० वरून १५ टक्क्यांवरच आणेल असे मानले, तर प्रत्येक गटात ९०२ स्त्रिया लागतात. फरक निम्मा झाला आणि संख्या साडेचार पटींहून अधिक वाढली. हे गणित ठाऊक असल्यामुळेच अनेक प्रोटोकॉलमध्ये ते उलटे केलेले आढळते : वर्षभरात १२० रुग्ण मिळतील हे आधी ठरते आणि मग तेवढ्यांत बसेल एवढा अवाढव्य फरक ‘अपेक्षित’ म्हणून लिहिला जातो. हा आकडा फसवा असतो. आपल्या उदाहरणात प्रत्येक गटात ६० स्त्रिया घेतल्या, तर २० आणि १० टक्क्यांतील खरा फरक सापडण्याची शक्यता सुमारे ३४ टक्केच राहते. तीनपैकी दोन वेळा असलेला लाभ निसटेल आणि ‘ड्रेसिंगचा उपयोग नाही’ असा चुकीचा समज साहित्यात शिरेल.

अपेक्षित फरक ठरवण्याची योग्य कसोटी वेगळी आहे. किमान किती फरक पडला तर आपण उद्यापासून हे ड्रेसिंग, त्याच्या जास्त किमतीसह, सर्वांना वापरू, असा प्रश्न विभागातील डॉक्टरांना विचारावा आणि ते उत्तर गणितात घालावे. रुग्ण तेवढे मिळणार नसतील तर दुसरी रुग्णालये सोबत घ्यावीत, किंवा अभ्यासाला प्राथमिक अभ्यास म्हणून सरळ नाव द्यावे आणि परिणामकारकतेचा दावा सोडून द्यावा. तुलना गटाचे प्रमाण मात्र परदेशी लेखातून न उचलता स्वतःच्या रुग्णालयाच्या नोंदवहीतून घ्यावे.

चौथी पायरी : यादृच्छिक वाटप आणि ते झाकून ठेवणे

सोमवारच्या ओपीडीला जुने आणि मंगळवारच्या ओपीडीला नवे ड्रेसिंग, सम केसपेपर क्रमांक एका गटात आणि विषम दुसऱ्यात, किंवा एकाआड एक रुग्ण, यांपैकी काहीही यादृच्छिक नाही. या सर्वांत पुढचा रुग्ण कोणत्या गटात जाणार हे आधी कळते, आणि ते कळले की जास्त अशक्त रुग्णाला ‘उद्या या’ म्हणण्याचा मोह प्रामाणिक डॉक्टरलाही होतो.

नाणे उडवून केलेले साधे वाटप खरे यादृच्छिक असते, पण छोट्या चाचणीत गट असमान होतात. २० रुग्णांत नेमके १०-१० पडण्याची शक्यता केवळ १७.६ टक्के आहे, आणि १४-६ किंवा त्याहून विषम वाटणी व्हायची शक्यता सुमारे ११.५ टक्के. यावर उपाय ठोकळ्यांचा. हा विचार फिशर यांच्या शेतीप्रयोगांतून, जमिनीचा कस सारखा असलेले वाफे एका ठोकळ्यात घेण्याच्या पद्धतीतून, पुढे आला. चार रुग्णांच्या ठोकळ्यात दोन जुने आणि दोन नवे उपचार असतील. त्यांचे सहा क्रम संभवतात आणि प्रत्येक ठोकळ्यासाठी संगणक त्यांतील एक निवडतो. मात्र सगळे ठोकळे चारचेच ठेवले तर पहिले तीन उपचार पाहणाऱ्याला चौथा ओळखता येतो. म्हणून ४ आणि ६ चे ठोकळे मिसळावेत आणि त्यांचा आकार प्रोटोकॉलच्या वॉर्डात फिरणाऱ्या प्रतीत लिहू नये. तातडीचे आणि ठरवून केलेले सिझेरियन यांसाठी दोन वेगळ्या याद्या केल्या तर संसर्गाच्या एका मोठ्या कारणाचा समतोल साधतो. याहून अधिक स्तर पाडण्याच्या फंदात पडू नये, नाहीतर प्रत्येक स्तरात अर्धवट ठोकळेच उरतात.

यादी तयार करणारी व्यक्ती रुग्ण दाखल करणारी नसावी. यादी बनवताना संगणकाला दिलेला आरंभअंक जपून ठेवावा, म्हणजे तीच यादी पुढे पडताळता येते. त्यानंतरचा भाग बहुतेक ठिकाणी ढिला राहतो. केंद्रीय संगणक किंवा दूरध्वनी शक्य नसेल तर पाकिटे चालतील, पण ती अपारदर्शक, क्रमांक टाकलेली आणि सीलबंद हवीत; आत कागदाभोवती अॅल्युमिनियमची फॉइल असावी, म्हणजे दिव्यासमोर धरून काही दिसणार नाही. पाकीट फोडण्यापूर्वी त्यावर रुग्णाचे नाव, तारीख आणि वेळ लिहावी आणि पाकिटांचा गठ्ठा फार्मसीसारख्या, चाचणीशी संबंध नसलेल्या जागी ठेवावा. हा काटेकोरपणा अनावश्यक वाटत असेल, तर १९९५ साली शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २५० चाचण्या तपासून काढलेला निष्कर्ष पाहावा : वाटप नीट न झाकलेल्या चाचण्यांत उपचाराचा लाभ, शक्यतांच्या गुणोत्तरात (ऑड्स रेशो) मोजला असता, सरासरी ४१ टक्क्यांनी फुगलेला होता.

लंडनचे वैद्यकीय संख्याशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी ही शिस्त १९४८ सालीच दाखवून दिली होती. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या ब्रिटिश चाचणीत त्यांनी प्रत्येक रुग्णालयासाठी आणि स्त्री-पुरुषांसाठी वेगळ्या यादृच्छिक याद्या करून सीलबंद पाकिटांत ठेवल्या होत्या. युद्धोत्तर ब्रिटनमध्ये औषध इतके तुटपुंजे होते की सर्वांना देणे शक्यच नव्हते, आणि त्यामुळे चाचणीला नैतिक आधारही मिळाला. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ पैकी ४, तर केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४ रुग्ण दगावले.

त्याच चाचणीत आणखी एक धडा आहे. इंजेक्शन कोणाला मिळते हे लपवता येत नव्हते, म्हणून क्ष-किरण चित्रे मात्र गट ठाऊक नसलेल्या तज्ज्ञांकडून वाचून घेतली गेली. आपल्या ड्रेसिंगचेही तसेच : सर्जनला आणि रुग्णाला ते दिसणारच, पण ड्रेसिंग काढल्यावर जखम पाहून निदान करणारा डॉक्टर वेगळा ठेवता येतो. वाटप झाकणे प्रत्येक चाचणीत शक्य असते; उपचार झाकणे जिथे जमेल तिथे करायचे.

पाचवी पायरी : विश्लेषणाचा आराखडा आधी लिहिणे

ज्या गटात वाटले त्याच गटात मोजायचे, हा पहिला नियम. नवे ड्रेसिंग तिसऱ्या दिवशी काढून टाकलेली स्त्री नव्या ड्रेसिंगच्याच गटात राहील. ‘जिने वापरलेच नाही तिला कशाला मोजायचे?’ हा आक्षेप रास्त वाटतो, पण त्याचे उत्तर अमेरिकेच्या ‘कॉरोनरी ड्रग प्रोजेक्ट’च्या १९८० सालच्या अहवालात आहे. क्लोफायब्रेट हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध नियमित घेणाऱ्यांत पाच वर्षांतील मृत्यू १५ टक्के आणि अनियमितांत २४.६ टक्के होते. औषधाचा गुण वाटला असता, पण औषध नसलेली गोळी नियमित घेणाऱ्यांतही मृत्यू १५.१ टक्केच होते आणि अनियमितांत २८ टक्क्यांहून अधिक. नियमित वागणारी माणसे मुळातच वेगळी असतात; त्यांना निवडून काढले की यादृच्छिक वाटपाने मिळालेला समतोल मोडतो.

दुसरा नियम मधल्या डोकावण्यांचा. प्रत्येक वेळी ५ टक्क्यांची कसोटी लावून विदा (गोळा झालेली माहिती) पाच वेळा तपासली, तर नसलेला फरक कधी ना कधी ‘सापडण्याची’ शक्यता १४ टक्क्यांवर जाते. मधली तपासणी करायचीच असेल तर ती किती वेळा, किती रुग्णांनंतर आणि कोणत्या कडक मर्यादेने होणार, हे आधी लिहून स्वतंत्र समितीकडे सोपवावे. टाटा मेमोरियलच्या वर उल्लेखलेल्या चाचणीत ७१० रुग्ण योजले होते. पहिल्या ५०० रुग्णांचा फरक पाहून देखरेख समितीच्या निर्णयाने ती लवकर थांबवण्यात आली. हा निर्णय स्वतः संशोधकांनी घेतला असता तर त्याला तेवढे वजन आले नसते.

उपगटांबाबत तर ‘आयसिस-२’च्या संशोधकांनी मिश्कीलपणे कायमचा बंदोबस्त करून ठेवला आहे. उपगटांचे आकडे मागितले गेल्यावर त्यांनी जन्मराशींनुसारही विभागणी छापली : मिथुन आणि तुळा राशीच्या रुग्णांत अॅस्पिरिनने मृत्यू ९ टक्क्यांनी वाढलेले, तर इतर राशींत २८ टक्क्यांनी घटलेले दिसले. वय, वजन, मधुमेह अशा उपगटांना वैद्यकीय कारणांचा मुलामा देता येतो एवढेच; आकड्यांचा खेळ तोच असतो. म्हणून तपासायचे उपगट दोन-तीनच असावेत आणि त्यांची नावे आधी लिहिलेली असावीत.

सहावी पायरी : परवानगी, संमती, नोंदणी

एथिक्स कमिटीची मंजुरी मिळाल्यावर आणि पहिला रुग्ण दाखल होण्यापूर्वी चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया’मध्ये करावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही नोंदवही २००७ पासून चालू आहे, आणि १ एप्रिल २०१८ पासून ती फक्त आगाऊ नोंदणी स्वीकारते. मुख्य परिणाम, नमुनासंख्या, वाटपाची पद्धत हे सर्व तिथे तारखेसह जाहीर होते, त्यामुळे पुढे मुख्य परिणाम बदलला तर तो कोणालाही दिसतो. थिसिससाठीच्या चाचणीलाही हे टाळू नये. अनेक नियतकालिके नोंदणी क्रमांकाशिवाय लेख वाचतही नाहीत.

संमतीपत्र रुग्णाच्या भाषेत असावे. इंग्रजी नमुन्याचे शब्दशः मराठीकरण केलेली संमतीपत्रे स्वतः डॉक्टरांनाही दोनदा वाचावी लागतात. ‘तुम्हाला कोणते ड्रेसिंग मिळेल हे डॉक्टर ठरवणार नाहीत, ते चिठ्ठी टाकून ठरेल; नको म्हटले तरी उपचार नेहमीसारखेच मिळतील’ एवढे सरळ वाक्य वाटपाचे सार सांगते.

सातवी पायरी : निष्कर्ष मांडणे

कॉन्सॉर्ट या आंतरराष्ट्रीय नियमावलीतील प्रवाहचित्राने सुरुवात करावी : किती जणी तपासल्या, किती पात्र ठरल्या, किती वाटल्या, किती सुटल्या आणि का. सुरुवातीच्या गुणधर्मांच्या तक्त्यात पी-मूल्ये देऊ नयेत. वाटप यादृच्छिक असेल तर तिथला फरक योगायोगाचाच असतो, आणि तो किती मोठा आहे हे आकडे पाहूनच कळते.

मुख्य निष्कर्षात फरक आणि त्याची विश्वास-मर्यादा, म्हणजे खरा फरक ज्या पट्ट्यात असण्याचा भरवसा धरता येतो तो पट्टा, आधी यावी. समजा, प्रत्येक गटातील २०० स्त्रियांपैकी जुन्या ड्रेसिंगच्या ४० जणींना आणि नव्याच्या २४ जणींना संसर्ग झाला. फरक शंभरात ८ चा आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा ०.९ ते १५.१. म्हणजे खरा लाभ शंभरात एकीलाच असू शकेल किंवा पंधरा जणींनाही. ‘पी ०.०५ हून कमी, म्हणून नवे ड्रेसिंग श्रेष्ठ’ या वाक्यात ही अनिश्चितता कुठेच दिसत नाही. तिसऱ्या पायरीत डॉक्टरांनी सांगितलेला किमान उपयोगी फरक या पट्ट्यात कुठे पडतो, हे चर्चेच्या पहिल्याच परिच्छेदात लिहावे, आणि फरक निघाला नाही तरीही नोंदवहीत निकाल भरूनच फाईल बंद करावी.